करपलं काय?

पोफळी मागं टाकून कुंभार्ली घाटाला लागलो. चौथं की पाचवं वळण असेल, मागून हिनं विचारलं, “अहो, काय करपलं काय?”

मला वाटलं, मांडीवरच्या पिशवीबद्दल बोलतेय. चिपळूणहून निघताना सासूबाईंनी घावनं बांधून दिली होती. पण तो वास माझ्याही नाकात शिरला होता आणि घावनांचा नक्कीच नव्हता. जुलै महिना, बारीक पाऊस, धुकं असं की पुढच्या ट्रकचा नुसता लाल दिवा दिसावा. मी ॲक्सिलेटर पिळला. इंजिन ओरडलं, गाडी मात्र आपल्याच चालीनं चालत राहिली. अजून पिळला, इंजिन अजून ओरडलं. मागचा टँकरवाला हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी अंगाला घासून पुढं निघून गेला.

गाडी 2011 सालची, दीडशे सीसी, 94 हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही. दोष कुणाचा ते येईलच.

करपत होता तो क्लच. पण आधी माझ्या कामाबद्दल सांगतो, त्याचा क्लचशी फार जवळचा संबंध आहे. मी पाटणमध्ये एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची बचत, गोळा करतो. सकाळी दहाला मशीन गळ्यात अडकवून निघायचं आणि दुकान-दुकान, टपरी-टपरी फिरायचं. दिवसाला सत्तरेक थांबे होतात. एका थांब्याला क्लच किमान पाच वेळा दाबला जातो: गिअर उतरवताना, थांबताना, न्यूट्रल करताना, परत पहिला टाकताना, दुसरा टाकताना. म्हणजे दिवसाला 350, आणि महिन्याच्या 26 दिवसांत 9100 वेळा. हे गणित मी एका पावसाळी दुपारी पावती-बुकाच्या मागं केलं आणि नंतर बराच वेळ डाव्या हाताच्या बोटांकडं बघत बसलो. शिवाय सोमवारच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं पुढं न्यायची म्हणजे अर्ध्या क्लचवरच. त्याचा हिशेब वेगळाच.

तर मागच्या दिवाळीनंतर गाडीचं न्यूट्रल सापडेना झालं. चालत्या गाडीत लागायचं, पण दुकानापुढं थांबलो की पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, हिरवा दिवा काही लागत नाही. क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी हळूच पुढं सरकायची. पहिला टाकताना खाट्‌कन आवाज. एकदा चपलांच्या दुकानाच्या पायरीला पुढचं चाक लावून थांबवली, तेव्हा मालक म्हणाला, “आत या की गाडीसकट.”

मी काय केलं, तर लिव्हरपाशी जो आवळायचा नट असतो तो एक फेरा आवळला. फरक पडला. पंधरा दिवसांनी परत तेच, परत अर्धा फेरा. आपण स्वतः गाडी दुरुस्त करतोय याचं एक समाधानही होतं, खोटं कशाला बोलू. असं करत करत फेब्रुवारीपर्यंत क्लचची वायर वीणेच्या तारेसारखी ताणली गेली. मार्चमध्ये गाडी चढाला घसरायला लागली, तेव्हा एका गॅरेजला टाकली. “क्लच गेला,” एवढंच निदान. प्लेटा बदलून मिळाल्या, पैसे दिले, विषय संपला. दोन महिन्यांत न्यूट्रल परत सापडेना. आणि मी परत नट आवळायला सुरुवात केली.

एवढं सगळं आठवलं ते घाटात, रस्त्याच्या कडेला उभं राहून. फोनला एक काडी रेंज होती. आमच्या स्टँडमागच्या नानांना लावला. नाना म्हणजे आमचे फिटर, चाळीस वर्षं हाच धंदा. त्यांचंही पिग्मीचं खातं माझ्याकडंच आहे, त्यामुळं फोन उचलतात.

“लिव्हर हलवून बघ. मोकळा हाय का?”

हलवला. मोकळा कसला? बोट लावलं की थेट ताण.

“मग ढिली कर की वायर. चार फेरं. आन् थंड होऊ दे तिला. बाईमाणसाला वडापनं लावून दे, एकटा ये.”

तसंच केलं. ही वडापच्या जीपमध्ये घावनांची पिशवी घेऊन बसली आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघत गेली की धुक्यातही ती नजर दिसली. मी अर्धा तास थांबलो, मग दुसऱ्या गिअरवर, ॲक्सिलेटर जेमतेम उघडून, घाटमाथ्यापर्यंत आलो. तिथून हेळवाक, मग पाटण. पोचलो एकदाचा.

दुसऱ्या दिवशी नानांच्या दुकानात पहिला प्रश्न आला तो मला अजून आठवतो: “आधी घसरायला लागली, का आधी अडकायला लागली?”

तोवर माझ्या डोक्यात ‘क्लच खराब’ असा एकच आजार होता. नानांच्या डोक्यात दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट. क्लच एक तर सुटत नाही, म्हणजे अडकतो, नाही तर धरत नाही, म्हणजे घसरतो. आपल्या बहुतेक गाड्यांत क्लच इंजिनाच्या ऑइलात बुडालेला असतो. आत भाकरीच्या चवडीसारखी प्लेटांची चवड असते, एक मसाल्याची (म्हणजे घट्ट धरणारा थर चिकटवलेली), एक लोखंडी, परत एक मसाल्याची. स्प्रिंगा ती चवड दाबून धरतात म्हणून इंजिनाची ताकद चाकाकडं जाते. लिव्हर ओढला की दाब सुटतो, प्लेटा मोकळ्या होतात. लिव्हर ओढूनही प्लेटा एकमेकींना सोडत नसतील तर न्यूट्रल सापडत नाही, गाडी सरकते, गिअर खाटखाट करतो. लिव्हर सोडूनही स्प्रिंगांचा दाब पुरा बसत नसेल तर इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही, प्लेटा घासून जळतात.

आता गंमत बघा. सुटत नाही म्हणून मी वायर आवळली. आवळल्यावर प्लेटा जरा जास्त उघडायला लागल्या, म्हणून बरं वाटलं. पण वायर इतकी आवळली की लिव्हर सोडला तरी आतला दांडा चवडीला थोडा रेटूनच राहिला. म्हणजे दिवसभर, घाटातसुद्धा, मी क्लच थोडासा दाबूनच गाडी चालवत होतो. एका आजाराचं औषध घेत घेत मी दुसरा ओढवून घेतला, आणि मार्चमध्ये गॅरेजवाल्यानं त्या दुसऱ्याचंच ऑपरेशन केलं. पहिला तसाच आत राहिला.

नानांनी लगेच पाना उचलला नाही. आधी लिव्हर. त्याचा बोल्ट कोरडा आहे का, लिव्हर परत येताना अडतो का. मग रबर मागं सारून वायरीचं टोक, जिथं शिशाची गोळी असते तिथं एखादी तार तुटलीय का. मग हँडल पार डावीकडं, पार उजवीकडं वळवून दोन्हीकडं लिव्हरची मोकळीक तेवढीच राहते का. हँडल वळवल्यावर ती बदलत असेल तर वायर कुठंतरी अडकलेली किंवा चुकीच्या वाटेनं नेलेली असते. मोकळीक किती असावी, तर लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर. मुळाशी बघितलं तर दोन नाणी एकावर एक बसतील एवढी फट. नाण्यांचं माप माझं, आमच्याकडं त्यांना तोटा नसतो.

आणि एक गोष्ट त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली, जी मला कुठल्याच व्हिडिओत ऐकायला मिळाली नव्हती. तुम्ही हात न लावता लिव्हर आपोआप सैल होत चालला, तर वायर ताणून लांब होतेय किंवा तिच्या तारा तुटतायत. तुम्ही हात न लावता लिव्हर आपोआप ताठ होत चालला, तर प्लेटा झिजतायत. चवड पातळ झाली की दाबणारी प्लेट सरकते आणि मधली मोकळीक खाऊन टाकते. म्हणजे लिव्हर रोज काहीतरी सांगत असतो, आपण नट फिरवून त्याचं तोंड बंद करतो.

मग ते म्हणाले, “चालू कर. पुढचा ब्रेक गच्च धर. तिसरा टाक आन् क्लच हळू सोड.” ठीक असलेली गाडी अशा वेळी गचकन बंद पडते. माझी बंद पडेना, घुर्रघुर्र करत उभी राहिली. ही परीक्षा एकदाच घ्यायची; पुनःपुन्हा घेतली तर परीक्षेतच प्लेटा जळतात. नंतर रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40 च्या स्पीडला एकदम ॲक्सिलेटर उघडून बघितला. इंजिनाचा आवाज आधी वर गेला, स्पीडचा काटा मागून सावकाश आला. वायर सैल करूनही घसरतेय म्हणजे प्लेटा गेल्या, यात शंका उरली नाही.

इथं एक गोष्ट घुसडतो. आमच्या एका खातेदाराची, पशुखाद्याच्या दुकानदाराची, गाडी चढाला ओढत नव्हती. त्यानं कुणाच्या तरी सांगण्यावरून प्लेटा बदलल्या. शेवटी निघालं काय, तर मागचा ब्रेक चिकटलेला, ड्रमला हात लावला तर चटका. त्याच्या गाडीचं इंजिन ओरडतच नव्हतं, दबून चालत होतं. इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी वाढत नाही, तर क्लच. आवाजही वाढत नाही आणि गाडीही वाढत नाही, तर एअर फिल्टर, ब्रेक, कॉम्प्रेशन, दुसरं काहीही बघा. कित्येक जुन्या गाड्यांना आरपीएमचा काटा नसतो, आपल्याला कान असतात.

“ऑइल कंचं घातलंस?” हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी इकडंतिकडं बघितलं. मे महिन्यात मेव्हण्याच्या कारचं उरलेलं अर्धा लिटर ऑइल त्यानं प्रेमानं दिलं होतं. ऑइल थोडं कमी वाटलं म्हणून मी त्यातलं पाव लिटर ओतलं होतं. ऑइलला ऑइल, दुसरं काय!

नाना काही बोलले नाहीत. कपाटातून मोटरसायकलच्या ऑइलचा डबा काढला आणि मागची बाजू माझ्यापुढं धरली. तिथं ‘जासो एमए 2’ असं छापलेलं होतं. ही जपानी प्रमाणपद्धत, 1998 पासूनची. ओल्या क्लचच्या गाडीसाठी एमए, आणि 2006 पासून त्यातच एमए 1 आणि एमए 2 असे दोन भाग. एमबी म्हणजे जास्त गुळगुळीत, ते स्कूटरसाठी, कारण स्कूटरचा क्लच इंजिनाच्या ऑइलात नसतो. कारच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. कारला ती बरी, कारण तिचा क्लच कोरडा आणि बाहेर. आपल्या गाडीत मात्र ज्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायचं, त्यांच्याच अंगाला आपण तेल लावून कुस्तीला उभं करतो.

मला वाटलं, सापडला गुन्हेगार. मेव्हण्यावर ढकलायची सोयही झाली. पण नानांनी मान हलवली. “ह्यानं भर घातली आसंल. पर तुझं न्यूट्रल दिवाळीपासनं लागत न्हाई. ऑइल मे महिन्यातलं.”

म्हणून खोलायची ठरली.

ऑइल काढलं तेव्हा ते चहाच्या चोथ्यासारखं काळं होतं आणि त्याला घाटातला तोच वास. हिनं बरोबर ओळखला होता. किक काढली, उजवीकडचं कव्हर सोडलं. त्याचे बोल्ट लहानमोठे असतात आणि परत बसवताना लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर कव्हर फुटू शकतं. नाना एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढतात आणि जिथला बोल्ट तिथंच भोक पाडून टोचून ठेवतात. गणपतीपुढं दूर्वा मांडाव्यात तसे दिसत होते. पॅकिंग फाटलं, ते फाटतंच, नवीनच घालावं लागतं. चार स्प्रिंगांचे बोल्ट तिरके-तिरके, थोडे-थोडे सैल केले आणि चवड हातात आली.

मसाल्याच्या प्लेटा, मार्चमध्ये घातलेल्या, काळ्या चकचकीत. व्हर्नियर लावला तर जाडी फारशी गेलेली नव्हती. झिजण्याआधीच त्या भाजून निघाल्या होत्या. लोखंडी प्लेटांवर निळे-जांभळे डाग, तव्याला पडतात तसे. नानांनी त्यातली एक आरशाच्या जुन्या काचेवर ठेवली आणि कडेनं फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, बारीक पट्टी सारली. दोन ठिकाणी पट्टी सुळकन आत गेली. प्लेट वाकडी. वाकड्या प्लेटेमुळं क्लच सोडताना गाडी थरथरते, तेही मला होत होतं, पण मी ते रस्त्याच्या खड्ड्यांवर घातलं होतं. पाटणच्या रस्त्यावर काहीही घालता येतं.

मग त्यांनी माझा अंगठा धरला. क्लचचं हाउसिंग म्हणजे ॲल्युमिनियमची वाटी, तिच्या कडेला उभी बोटं असतात आणि त्या बोटांच्या मधल्या खाचांत मसाल्याच्या प्लेटांचे कान बसतात. माझं नख त्यांनी एका बोटाच्या कडेवरून वरून खाली फिरवलं.

“लागतंय?”

लागत होतं. ठक, ठक, ठक. जितक्या प्लेटा तितक्या खाचा. प्लेटांचे कान ठोकून ठोकून ॲल्युमिनियमला खड्डे पडले होते. लिव्हर ओढला की प्लेटा सरकून एकमेकींपासून सुटायला हव्यात, पण त्यांचे कान या खड्ड्यांत अडकून बसत होते. दिवाळीपासून न्यूट्रल न लागण्याचं मूळ हे. वायर निर्दोष, ऑइल अर्धं निर्दोष, प्लेटा तर बळीच गेल्या. मार्चमध्ये चवड बाहेर काढली तेव्हा कुणीही नख फिरवलं असतं तरी कळलं असतं.

खाचा उथळ असतील तर नाना कानसीनं हलक्या हातानं साफ करतात, सगळी बोटं सारखी. माझ्या खाचांत नखाचं टोक बसत होतं, तिथं कानस चालवली तर बोटंच बारीक होतील. हाउसिंग बदलायचं ठरलं. त्यासाठी मधला चार खाचांचा नट सोडावा लागतो आणि त्याला साधा पाना चालत नाही. नानांनी लेथवर स्वतःसाठी सॉकेट करून घेतलंय. छिन्नी-हातोडी लावून तो नट ठोकणारेही आहेत, पण तिथून मी गाडी ढकलत परत आणीन.

हाउसिंगला पैसे गेले प्लेटांच्या सेटच्या तिप्पट. मी जरा कुरकुरलो, तेव्हा दुकानात बसलेल्या एका जाणकारानं सुचवलं, “कशाला? स्प्रिंगांखाली वॉशर टाका, घसरायचं थांबतंय.” थांबतं खरं थोडे दिवस. लिव्हर मात्र दगडासारखा होतो. माझ्यासारख्या 9100 वाल्यानं तो उद्योग केला तर महिन्याभरात पिग्मीची मशीन उजव्याच हातात धरावी लागेल. आणि आमचा आजार मुळात न सुटण्याचा होता, स्प्रिंगा जास्त दाबून काय होणार! नाना त्याच्याकडं न बघताच म्हणाले, “चहा सांग.”

नव्या मसाल्याच्या प्लेटा रात्रभर एका ताटात ऑइलमध्ये भिजत ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत घासून निघतात. सकाळी चवड बसवली, कव्हर लावलं, योग्य ते ऑइल भरलं, वायर सैल ठेवून मग मोकळीक जमवली. गाडी चालू करून पहिला टाकला. थोडा ‘खट्‌’ आला. मी दचकलो. नाना म्हणाले, थंड ऑइल दाट असतं, प्लेटा जरा चिकटतात, सकाळचा पहिला खट्‌ सगळ्यांचाच. आता मी सकाळी किक मारण्याआधी तीन-चारदा लिव्हर ओढून सोडतो. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली असेल तर गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून जरा मागंपुढं ढकलतो. मगच चालू करतो.

जुनं हाउसिंग मी घरी आणलं. ही म्हणाली, “पैसे देऊन नवीन आणलं ते समजलं, हे भंगार कशाला?” सध्या त्यात पेनं, रबरी शिक्के आणि पावत्यांच्या टाचण्या आहेत. त्याच्या खाचांत रबरबँड फार छान बसतात.

मागच्या आठवड्यात मेव्हण्याचा चिपळूणहून फोन. कार वर्कशॉपला, त्यामुळं सासऱ्यांची जुनी मोटरसायकल वापरतोय. “दाजी, क्लच गेला हो. गॅरेजवाला प्लेटा बदलू म्हणतोय.”

मी विचारलं, आधी घसरायला लागली का आधी अडकायला लागली?

“अडकतेय. पहिला टाकला की पुढं ओढते.”

लिव्हर ताठ झालाय का सैल?

“सैल. परवापासून जास्तच सैल. रोज आवळतोय.”

म्हटलं, फोन खाली ठेव, लिव्हरवरचं रबर मागं सार आणि वायरीच्या टोकाचा फोटो पाठव. दोन मिनिटांत फोटो आला. केरसुणीसारखी पिंजारलेली वायर, त्यातल्या शाबूत तारा मोजल्या तर चार. एवढ्यावर तो आदल्या संध्याकाळी बायको-मुलाला घेऊन पार शिरगावला जाऊन आला होता.